एकाच झाडाचा मळा

१४ मे १९४३

आजपासून लिहून ठेवायचं. आमच्या पणजोबांनी या भागात पानवेल आणली तेव्हा कुणी काही लिहिलं नाही, आणि आता भावकीतला जो उठतो तो म्हणतो, पहिली वेल आमच्याच घरानं लावली. माझ्या बाबतीत असं होऊ देणार नाही. म्हणून माझ्या मुलाची, सुकुमारची, शाळेतली कोरी वही घेतली. वर नाव घातलं, जिनगोंडा पाटील. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

आमच्या गावचा केरबा सुट्टीवर आलाय. त्याची पलटण सिलोनात आहे. हातात दोन फळं, लहान नारळाएवढी, पिवळी, अंगावर उभ्या रेघा. म्हणाला, "आण्णा, ह्याला कोको म्हणत्यात. गोऱ्या सायबाची पोरं ज्याची वडी चघळत्यात ते. झाडाखाली सावली लागती, पाणी लागतं, वारं खपत न्हाई. म्हटलं, ही तर जिनगोंडा आण्णाच्या पानमळ्याची हवा."

बोलला ते खरं, पण बूट घालून सरळ मळ्याच्या दारापर्यंत आला होता. तिथंच अडवला. सरकारची पलटण सरकारच्या घरी. पानमळ्यात वहाण चालत नाही, अंघोळीशिवाय येणं चालत नाही, विटाळाची बाई तर बांधाच्या अलीकडे पाय ठेवत नाही. वेल मान टाकते. एवढं मिरजेच्या पूर्वेला पोराटोरांना ठाऊक आहे आणि हा युद्ध जिंकायला निघालाय.

एक फळ वाटेत कुजलं होतं. दुसऱ्यात चौतीस बिया निघाल्या, पांढऱ्या गरात गुंडाळलेल्या. करंड्यांत माती भरून लगेच लावल्या.

२९ मे १९४३

एकवीस उगवल्या. आमचा गडी धुळा वीस वर्षं या मळ्यात आहे, तो म्हणतो बी घालून काय खरं नसतं मालक, बापासारखा लेक निघंलच असं न्हाई. त्याचंही बरोबर आहे. पण सुरुवात बियाण्यानंच होणार, तिथं इलाज नाही.

१९ जानेवारी १९४४

थंडीनं चौदा मेली. सात राहिली. वाफ्याच्या कडेला, शेवरीच्या सावलीत लावली. त्यातलं एक रोप मात्र काय जोमाचं आहे. पान तळहाताच्या दुप्पट. मी त्याला थोरला म्हणतो.

२७ फेब्रुवारी १९४४

सुकुमारचं लग्न झालं. मुलगी तासगावच्या शांतिनाथ चौगुल्यांची, नाव चंदनबाला. माझी थोरली बहीण आक्काताई नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असते, घर तीच चालवते. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "जिना, पोरगी बोलकी हाय." म्हटलं, आपल्या पोराला बोलायला येत नाही, तेवढंच बरं पडेल. हे विनोदानं म्हटलं होतं.

८ जुलै १९४५

थोरल्याला गुटी बांधल्या. फांदीची साल बोटभर सोलायची, शेणमातीचा गोळा लावायचा, गोणपाट गुंडाळायचं आणि ओल धरायची. महिन्या-दोन महिन्यांनी मुळं फुटतात. फांदी कापली की नवं झाड, पण झाड तेच. पानमळ्याची सगळी विद्या एवढीच आहे. चांगली वेल ओळखायची आणि तिचाच तुकडा लावत जायचा. आज माझ्या मळ्यात जी वेल आहे ती पणजोबांनी आणलेली तीच वेल. तिला म्हातारपण नाही.

आठ गुटी बांधल्या.

३ ऑक्टोबर १९४५

आज डोकं फिरलं.

सात गुटींना मुळं धरली. त्या लावायला जागा पाहिजे, म्हणून बाकीची सहा बियाण्याची झाडं काढायला लावली. एक किडकं, एक वाकडं, एकाची पानं तांबूस, कुणाचा मेळ कुणाला नाही. असल्या गर्दीला मी पाणी का पाजू? धुळ्यानं कुदळ मारली आणि नेमकी सूनबाई भाकरी घेऊन आली. बांधावर उभी राहून म्हणाली, "मामा, समदी नका काढू. निदान दोन ठेवा. आई आमच्या परड्यात भोपळ्याला दुसऱ्या वेलीचं फूल आणून लावायची, तवाच धरायचा. झाडाला जोडी लागती."

गड्यांच्या समोर. एक जण तोंड फिरवून हसलासुद्धा. मी म्हटलं, "भोपळ्याची गोष्ट परड्यात. पानमळ्यात बियाण्याला जागा नसती." ती गप्प बसली नाही. म्हणाली, "पानाच्या वेलीला फळ कुटं धरायचं असतंय? हिला धरायचं हाय."

सहाच्या सहा उपटून उकिरड्यात टाकायला लावली. दोन ठेवायचा विचार माझ्याही मनात होता, हे इथं लिहितो. तिनं सांगितलं म्हणून ठेवली नाहीत.

२१ एप्रिल १९४६

थोरल्याला फुलं आली. फांदीला नाही, थेट बुंध्याला. बोराएवढं पांढरं गुलाबी फूल. बुंध्यावर अशी फुलं मी जन्मात पाहिली नव्हती. खाली बसून मोजली, साठ झाली आणि पाय भरून आले. आक्काताईला बोलावून दाखवलं. पेढे वाटले.

२३ एप्रिल १९४६

सगळी गळली.

६ जून १९४६

रोज नवी येतात, दुसऱ्या दिवशी खाली. देठासकट. शेळीच्या लेंड्या घातल्या, मासळीचं खत घालून पाहिलं, म्हणजे आमच्या जैनाच्या घरात मासळी, आक्काताईनं तीन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं. पाणी वाढवलं, मग तोडलं. धुळ्याला शिव्या दिल्या. त्यानं ऐकून घेतल्या, त्याचाही राग आला.

११ डिसेंबर १९४६

केरबा पलटणीतून कायमचा परत आला. त्याला घरी जाऊन विचारलं, तू मला वांझ बी दिलंस का. तो खाटेवर पडून होता, उठून बसला.

"आण्णा, मी फळ फोडून बघून आणलंवतं व्हय? पण तिकडं बागंत फळं लगडत्यात, डोळ्यानं बघितलंय."

"त्यांची झाडं कसली? सांग की."

"कसली म्हंजे? सरमिसळ. एकाचं फळ लाल, एकाचं पिवळं, एकाला खडबडीत साल. एक झाड दुसऱ्यागत न्हाई."

म्हणजे तिकडचे लोक अडाणी आहेत, बाकी काही नाही. चांगलं झाड निवडावं एवढी अक्कल नाही त्यांना. असल्यांच्या बागेत फळं लगडतात आणि माझ्या निवडक आठ झाडांना एक नाही, हा कुठला न्याय?

२ मार्च १९४७

गुटीच्या सातही झाडांना फुलं आली. आठ झाडं, आठ बुंधे, पांढरे झाले आहेत. आता धरलंच पाहिजे.

२५ मार्च १९४७

एक नाही. भावकीतले आप्पासो मुद्दाम बघायला आले. त्यांची नि माझी भाऊबंदकी जुनी आहे. म्हणाले, "जिनगोंडा, फुलं झकास हायत. हार करून इकशीला काय?" पाणी न विचारता वाटेला लावलं.

आक्काताई वेगळंच बोलली. "लगीन होऊन तीन वरसं झाली, घरातबी पाळणा हलला न्हाई. घरात तसं, मळ्यात तसं." मी म्हटलं, उगीच काहीतरी बोलू नकोस. पण डोक्यात राहिलं.

१५ ऑगस्ट १९४७

गावात मिरवणूक निघाली, शाळेवर झेंडा लागला, पेढे आले. सुकुमार आणि सून बघून आली. मी मळ्यात होतो. इंग्रज गेला, माझ्या झाडावरचं फूल काही थांबायला तयार नाही.

९ सप्टेंबर १९४७

आजचं आजच लिहितो.

सकाळी लवकर मळ्यात गेलो. थोरल्यामागे सून उकिडवी बसलेली. बोटात कापसाची वात, आणि एका झाडाचं फूल पुसून दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावत होती. मला बघून दचकली नाही, वात खाली ठेवली फक्त. मी विचारलं काय चाललंय. म्हणाली, भोपळ्याला करतात तसं करून बघते.

तेवढ्यात ध्यानात आलं. काल आक्काताई म्हणाली होती, सून बाहेर बसलीय, स्वयंपाक मीच करते. मी म्हटलं, "तू बाहेरची हाईस का?"

खोटं बोलली असती तर मी विश्वास ठेवला असता. ती म्हणाली, "व्हय."

"आणि मळ्यात आलीस?"

"फूल एकच दिस टिकतंय, मामा. मी चार दिस बाहेर बसलं तर चार दिसाची फुलं जात्यात. ती काय माझ्यासाठी थांबत्यात?"

मी काय बोललो ते आता आठवत नाही. खूप बोललो. वांझ म्हणालो, झाडालाही आणि तिलाही. पाटावरचे गडी काम थांबवून ऐकत होते. सुकुमार दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्याकडे बघून तिनं वाट पाहिली, थोडा वेळ. तो पायाकडे बघत होता. मग ती निघाली.

दीड वर्षं मी खत बदलतोय, पाणी बदलतोय, गड्याला शिव्या देतोय, आणि कारण माझ्या घरात जेवत होतं.

१० सप्टेंबर १९४७

तिला तासगावच्या मोटारीत बसवून दिलं. धुळा पोचवायला गेला. सुकुमारला जा म्हटलं नाही आणि तो गेला नाही. आक्काताईला सांगून मळ्याच्या चारी कोपऱ्यांवर गोमूत्र शिंपडून घेतलं.

१ नोव्हेंबर १९४७

फुलं आली. गळली. विटाळाचा दोष लगेच उतरत नाही, सहा महिने लागतात असं आक्काताई म्हणते. कुठं ऐकलं विचारलं तर सांगता येत नाही.

१६ डिसेंबर १९४७

चौगुल्यांचं पत्र. मुलीला कधी नेताय, एवढंच विचारलंय. मी उत्तर दिलं नाही. सुकुमारनं पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. हा मुलगा कुणावर गेलाय कळत नाही. मी एवढा तापट, आणि याला राग येतो की नाही तेच समजत नाही. एकदा तरी माझ्यावर ओरडला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

१८ मार्च १९४८

सहा महिने होऊन गेले. झाडं पुन्हा पांढरी झाली आणि पुन्हा खाली सडा. आता दोष कुणाला द्यायचा? शेतकी खात्यात पूर्वी असलेले मगदूम साहेब निवृत्त होऊन सांगलीत राहतात. त्यांना निरोप पाठवला.

२४ मार्च १९४८

मगदूम साहेब आले. वहाणा दारात काढल्या, पाय धुतले, हे बरं वाटलं. तिथून पुढचं काहीच बरं नव्हतं.

त्यांनी आठही झाडं बघितली. पान घेऊन पानाला लावलं, फूल भिंगाखाली धरलं. मग विचारलं, ही सगळी एकाच झाडाच्या गुटी का? मी अभिमानानं हो म्हटलं. निवड कशी केली, बाकीची सहा कशी काढली, सगळं सांगितलं. ते ऐकत ऐकत खाली वाफ्यात बसले.

"पाटील, ही आठ झाडं नाहीत. हे एक झाड आहे, आठ ठिकाणी उभं केलेलं. कोकोची बरीचशी झाडं स्वतःचा पराग घेत नाहीत. फुलात पडला तरी धरत नाही, फूल गळून जातं. शेजारी दुसरं झाड लागतं, वेगळं, म्हणजे मग फळ."

मी म्हटलं, तिकडच्या बागा कशा चालतात?

"सरमिसळीवर चालतात. हे मूळचं रानातलं झाड, दूर अमेरिकेच्या जंगलातलं. रानात कुठलं झाड कुठल्यासारखं नसतं, म्हणून त्याचं भागतं. माणसानं ते घराजवळ आणलं, गोड ते ठेवलं, कडू ते टाकलं, असं हजारो वर्षं चाललं. त्या निवडीत काही जाती अशा निघाल्या की एकट्या झाडालाही फळ येतं. तुमचं झाड त्यातलं दिसत नाही. ते अंगानं अजून रानातलंच आहे, आणि तुम्ही त्याला पानवेलीचा कायदा लावलात."

पानवेलीचं नाव काढायची काय गरज होती? ते मात्र थांबले नाहीत. म्हणाले, तुमच्या मळ्यातल्या सगळ्या वेली म्हणजे एक वेल. पान खायचं असतं, फळ लागत नाही, म्हणून चालून जातं. चार पिढ्यांची आमची विद्या त्यांनी दोन वाक्यांत गुंडाळली. 

मग त्यांनी विचारलं, "हातानं पराग लावून कुणी बघितलं का?"

मी नाही म्हणणार तेवढ्यात धुळा बोलला. "बघितलं की. धाकल्या वहिनीनं. दीड वरीस, रोज सकाळी, मालक यायच्या आदी."

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली नाही, हे पहिल्यांदाच. "मीच फाटक उघडून द्यायचो, मालक. आता काय ते बोला."

"दीड वर्ष? त्या चार दिवसांत सुद्धा?"

"समद्या दिवसांत."

साहेब म्हणाले, "मग त्या बाईला बोलवा, मला भेटायचंय. तिनं केलं ते अगदी बरोबर होतं. फक्त आणायला दुसऱ्या झाडाचा पराग नव्हता. बाकीची सहा होती म्हणता, ती कुठं आहेत?"

मी सांगितलं. उकिरड्यात.

त्यांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. आता दक्षिणेतून दुसरं बी मागवायचं, लावायचं, तीन-चार वर्षं थांबायचं, असं सांगून गेले. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे.

२५ मार्च १९४८

धुळ्याला कामावरून काढलं. दुपारी परत बोलावलं. त्यानं येऊन वाफ्याला पाणी सोडलं.

एक हिशेब डोक्यातून जात नाही. दीड वर्ष ती रोज येत होती. म्हणजे सेहेचाळीसचा पावसाळा, सत्तेचाळीसचा उन्हाळा. आणि माझ्या मळ्याला त्याच वर्षी जितकी पानं आली तितकी कधी आली नव्हती. सगळ्या गावात मी छाती काढून फिरत होतो. म्हणजे मग वेलीला काही कळलंच नाही?

आक्काताईला हे विचारलं. ती म्हणाली, "तू आता देवाधर्मावर उटलाईस." उठलो नाही. विचारतोय.

२ एप्रिल १९४८

तासगावला जाऊन आलो. सर्व्हिस मोटारीत उभं राहून.

चौगुले बाजारात गेले होते. सून मागच्या परड्यात होती, दोडक्याच्या मांडवाखाली. बारीक झालीय. मला बघून पदर सावरला, घोंगडं टाकलं, तांब्याभर पाणी आणून दिलं. ऊन फार होतं. मी तांब्या तोंडाला लावून सगळा संपवला.

वाटेत ठरवून आलो होतो की झालं गेलं सोडून दे म्हणायचं. तेच म्हटलं. "झालं गेलं सोड. चल घरी."

"काय झालं नि काय गेलं, मामा?"

मी मगदूम साहेबांचं सांगितलं. तुझं बरोबर होतं असं ते म्हणाले, असं म्हणालो. ती म्हणाली, "ते सायेब म्हणाले. तुमी काय म्हणताय?"

माझ्या डोक्याची शीर तडकली. सासरा उन्हातून दारात आलाय, आणखी काय पाहिजे हिला? मी म्हटलं, मळ्यातही येत जा, कुणी अडवणार नाही, ते चार दिवस सोडून.

ती मग म्हणाली, "आज माझा दुसरा दिस हाय. आईनं मला हितंच बसाय सांगितलंय, घरात जायचं न्हाई म्हणून. तुमी आत्ता माझ्या हातचं पाणी प्यालासा."

तांब्या माझ्या हातात होता. खाली ठेवावा की धरावा कळेना.

"ठावं असून दिलंस?"

"व्हय. आन तहान भागली का न्हाई?"

एवढा राग मला कधी कुणाचा आला नव्हता. ती म्हणाली, "मळ्यात समद्यांच्या म्होरं मला वांझ म्हणालासा. तिथंच, त्याच माणसांच्या म्होरं, चूक कुणाची ते सांगा. मग मी येतो. न्हाईतर मला हितं दोडका लावून खाता येतंय."

एकटा परत आलो. घरी न जाता सरळ मळ्यावर गेलो. दिवस मावळायचा होता. पाय धुतले नाहीत, अंघोळ केली नाही. विटाळाचं पाणी पोटात घेऊन पहिल्या वाफ्यापासून शेवटच्या वाफ्यापर्यंत चाललो, आणि प्रत्येक वेलीला हात लावला. बघूच म्हटलं.

७ एप्रिल १९४८

काही नाही.

१३ एप्रिल १९४८

अकरा दिवस झाले. रोज सकाळी वेली बघतो. एखादं पान पिवळं पडावं, एखाद्या वेलीनं मान टाकावी. एक जरी सुकली असती तरी उपटून तासगावला नेली असती आणि तिच्या पुढ्यात टाकली असती. धुळा म्हणतो, "औंदा मळा लय झ्याक हाय, मालक." त्याच्यावर ओरडलो. त्याला कारण कळलं असावं, कारण तो लगेच दुसरीकडे गेला.

राग जात नाही. पूर्वी तो कुणावर आहे ते ठाऊक असायचं.

१५ एप्रिल १९४८

आज खुडणी होती. पानं खुडायला चौदा माणसं, त्यात त्या दिवशीची बहुतेक सगळी. मी वाफ्याच्या तोंडाशी उभा राहिलो आणि घसा साफ केला. सगळ्यांनी वर बघितलं. मी म्हणालो, "देठ नीट ठेवा."

पुन्हा खाली बघून खुडायला लागले. मी विहिरीपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. पुन्हा उभा राहिलो. मग जे बोललो ते ओरडूनच बोललो, साधं बोलणं जमलं नाही.

"ऐका रं. आमची सून ह्या मळ्यात दीड वरीस येत हुती. विटाळात बी येत हुती. वेलीला काय झालं न्हाई. झाडाला फळ न्हाई ते माज्यामुळं. तिनं झाडं ठेवा म्हणून सांगितलंवतं, मी उपटली. तिला वांझ म्हणालो ती चूक माझी. ऐकलं समद्यांनी? आता खुडा."

 एका बाईचा हात तेवढा थांबला होता, तो परत चालायला लागला. धुळा पाटाचं पाणी वळवत राहिला. मी बांधावर बसलो.

सुकुमार पलीकडच्या वाफ्यात होता. त्यानं पानांची करंडी खाली ठेवली, हात धोतराला पुसले, माझ्या समोरून गेला. थांबला नाही, विचारलं नाही. दारात वहाणा घातल्या आणि रस्त्याला लागला.

तासगावची मोटार दोन वाजता येते. तो सकाळी नऊलाच जाऊन उभा राहिला.